उभ्या गाडीचं बिल होत नाही: शिकागो परिसरातल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

जोलिएट, इलिनॉय
२३ नोव्हेंबर २०२५

मंडळी,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात, २५ तारखेच्या शनिवारी, आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात मध्यंतराला मी बटाटेवड्यांच्या रांगेत उभी होते. पुढे शटडाउनचा विषय निघाला, म्हणजे काँग्रेसने (इथल्या संसदेने) खर्चाची तरतूद मंजूर न केल्यामुळे १ ऑक्टोबरपासून बंद पडलेल्या केंद्र सरकारच्या कारभाराचा. एक गृहस्थ म्हणाले, "पंचवीस दिवस झाले सरकार बंद आहे, आपल्याला काही जाणवलं का? मग ते उघडायचं तरी कशाला?" सगळे हसले. मीही हसले. घरी येताना आय-५५ महामार्गावर त्या हसण्याचा राग येत गेला, त्या गृहस्थांचा नव्हे, माझा स्वतःचा. कारण मला जाणवलं होतं, रोज जाणवत होतं, आणि तरी मी गप्प बसले. बोलले असते तर वडे निवले असते.

म्हणून आता लिहिते आहे. शटडाउन १२ नोव्हेंबरला संपला, ४३ दिवसांनी. झालं-गेलं कशाला उकरून काढतेस, असं कोणी म्हणेल. पण जो तोडगा निघालाय तो बहुतेक खात्यांपुरता ३० जानेवारीपर्यंतचाच आहे. अडीच महिन्यांची उचल घेतल्यासारखा.

माझं काम तुमच्यापैकी फार थोड्यांना माहीत आहे. कोणी विचारलं की "अकाउंट्स बघते" म्हणून मी सुटते. प्रत्यक्षात मी ट्रकवाल्यांच्या वह्या लिहिते. स्वतःची एक किंवा दोन गाड्या असलेले, स्वतःच चालवणारे, इथल्या भाषेत ओनर-ऑपरेटर. असे एकोणीस जण माझ्याकडे आहेत. त्यांची बिलं पाठवणं, डिझेलच्या कराचं तिमाही पत्रक भरणं, ब्रोकरच्या, म्हणजे माल आणि ट्रक यांची गाठ घालून देणाऱ्या दलालाच्या, मागे लागणं, विम्याचे हप्ते चुकू न देणं. त्यात पंजाबी आहेत, लिथुएनियन आहेत, सर्ब आहेत, एक मेक्सिकन नवरा-बायको आहेत. मराठी एकही नाही. म्हणूनच हे पत्र मराठीत. त्यांना हे सांगायची गरज नाही, आपल्याला आहे.

आधी त्या गृहस्थांच्या बाजूने जेवढं खरं आहे तेवढं मान्य करते. शटडाउन लागला म्हणून ट्रक थांबत नाहीत. महामार्ग चालू, बंदरं चालू, सीमेवरचे जकात अधिकारीही कामावर. ट्रकवाल्यांवर देखरेख ठेवणारं केंद्रीय खातंही पूर्ण चालू होतं, कारण त्याचा खर्च काँग्रेसच्या दरवर्षीच्या तिजोरीऐवजी महामार्ग निधीतून भागतो. १९५६ सालचा हा निधी. तो भरतो मुख्यतः इंधनाच्या करातून: डिझेलच्या गॅलनमागे २४.४ सेंट, १९९३ पासून तोच दर. माझ्याकडची एखादी गाडी वर्षाला लाखभर मैल पळते आणि गॅलनला साडेसहा मैल देते. म्हणजे साडेपंधरा हजारांच्या आसपास गॅलन, आणि त्यावर सुमारे ३,७५० डॉलर केंद्राचा कर. वर जड वाहनाचे वर्षाला ५५० डॉलर वेगळे. सगळं सरकार बंद पडलं तरी ट्रकवाल्याला अडवून त्याच्या गाडीचे ब्रेक आणि त्याचं इंग्रजी तपासणारं खातं चालू राहतं, कारण त्याचे पैसे त्यानेच भरलेले असतात. माझे एक सरदारजी ग्राहक आहेत, मी त्यांना पाजी म्हणते. ऑक्टोबरात इंडियानाच्या वजनकाट्यावरून त्यांचा फोन आला: "बहनजी, गव्हर्नमेंट तो बंद है ना? इनको किसी ने बताया नहीं?"

३१ ऑक्टोबरला डिझेल कराचं तिमाही पत्रकही नेहमीच्याच तारखेला भरावं लागलं. ते राज्यांचं काम, त्यामुळे सुटका नाही. म्हणजे देणी सगळी तारखेवर आणि येणी तेवढी लटकलेली. शटडाउनचा ट्रकवाल्यावरचा परिणाम असाच असतो. एका जागी दिसत नाही, म्हणून रांगेत उभं राहून तो सांगताही येत नाही.

मक्याचं उदाहरण घेते. ऑक्टोबर म्हणजे इथला सुगीचा महिना. आपल्या घरांपासून तासभर दक्षिणेला किंवा पश्चिमेला गेलात की दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. तो माल हॉपर ट्रेलरमधून इलिनॉय नदीकाठच्या एलिव्हेटरवर, म्हणजे धान्य विकत घेणाऱ्या कोठारावर, जातो आणि तिथून बार्जने (मालवाहू तराफ्याने) नदीतून खाली. माझा एक सर्ब ग्राहक हे काम करतो. आता शेतकऱ्याची गंमत बघा. बरेच शेतकरी साठवलेल्या धान्यावर कृषी खात्याच्या तालुका पातळीवरच्या कचेरीतून कर्ज घेतात. तालुका म्हणजे इथली काउंटी. धान्य तारण असतं. ते विकलं की एलिव्हेटर जो चेक देतो तो दोन नावांचा असतो: शेतकऱ्याचं आणि सरकारी कचेरीचं. कचेरीची सही झाल्याशिवाय बँक तो चेक भरून घेत नाही. १ ऑक्टोबरला कचेऱ्यांना कुलूप लागलं. २३ ऑक्टोबरला सुमारे २,१०० कचेऱ्या अगदी मोजक्या माणसांवर पुन्हा उघडल्या. मधले बावीस दिवस चेक स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये.

माझ्या सर्बाने त्या बावीस दिवसांत एका शेतकऱ्याच्या अकरा खेपा केल्या. पैसे मागितले तर शेतकऱ्याने ड्रॉवर उघडून चेक दाखवला. माणूस भला होता, खोटं बोलत नव्हता. सर्ब मला म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला पैसे दाखवून दिले नाहीत." त्याचं डिझेलचं कार्ड मात्र दर आठवड्याला खात्यातून रक्कम कापत होतं. कचेरी उघडल्यावर पैसे आले, पूर्ण आले. पण तोवर त्याने क्रेडिट कार्डावर डिझेल भरलं होतं आणि त्या व्याजाला कुठल्याच चेकवर जागा नव्हती.

दुसरी गोष्ट सरकारी मालाची. इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण यातली खोच बाहेरून दिसत नाही. सरकारी गोदामाचा माल वाहायचा तर सरकार कंत्राट देतं मोठ्या कंपनीला. ती तो माल देते ब्रोकरला. ब्रोकर लोड बोर्डावर, म्हणजे वाहायच्या मालाच्या ऑनलाइन यादीत, टाकतो आणि माझा माणूस तो उचलतो. १५ सप्टेंबरला त्याने माल पोचवला, सही-शिक्क्याची पावती आणली, मी त्याच रात्री बिल पाठवलं. कायदा काय सांगतो? १९८२ चा प्रॉम्प्ट पेमेंट अ‍ॅक्ट म्हणतो की सरकारने कंत्राटदाराचं बिल साधारण ३० दिवसांत चुकतं करावं, नाहीतर व्याज द्यावं. आणि तात्पुरता पैसा उपलब्ध नाही ही सबब त्या व्याजातून सुटायला चालत नाही. चांगला कायदा आहे. पण व्याज मिळतं ते ज्याचं नाव कंत्राटावर आहे त्याला. माझ्या माणसाचं नाव कंत्राटावर नाही. तो उतरंडीतलं तळाचं मडकं. ब्रोकरचं उत्तर एका ओळीचं आलं: वरून आले की देऊ. करारात तसं कलम होतं आणि त्याखाली याची सही होती. अशा करारावर सही न करता लोड मिळवून दाखवा, मी तुमचा सत्कार करीन.

मग तो खातो काय? तर फॅक्टरिंग. आपल्या जुन्या पेढ्यांवर हुंडी वटवायचे तोच प्रकार. बिल फॅक्टरिंग कंपनीला विकायचं, ती तीन टक्के कापून दुसऱ्या दिवशी रोख देते, आणि पुढे वसुलीचं ती बघते. पण स्वस्तातल्या करारात एक मेख असते: ९० दिवसांत पैसे आले नाहीत तर बिल परत येतं आणि दिलेली रक्कम पुढच्या बिलांतून कापली जाते. आज ६९ दिवस झालेत. सरकार उघडलंय, पण साचलेली बिलं एका दिवसात निघत नाहीत. माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरवर १४ डिसेंबरला लाल गोल केलेला आहे.

आत्तापर्यंत सांगितलं ते निदान उशिरा का होईना मिळणारं. आता जे मिळणारच नाही ते.

माझे वडील सांगलीहून वाशीला हळद आणि बेदाणे वाहायचे. एकच टाटाची गाडी, तीही हप्त्यावर. वाशीला बाजार समितीचा बंद असला की ते तिथेच अडकायचे, दोन-तीन दिवस, गाडीखाली सावलीला. घरी आल्यावर आई म्हणायची, बंद मिटला ना, मग एवढं तोंड का पाडलंय? ते म्हणायचे, "दुकानदाराचा माल उद्या बी इकतोय. आपली कालची फेरी कुठनं आणायची?" तेव्हा मी आठवीत होते, मला ते रडगाणं वाटायचं. आपल्याकडे बंद पुकारायचा तो संघटनेने नाहीतर विरोधी पक्षाने. इथे सरकारच स्वतःचा बंद पुकारतं, हे त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. पण फेरीचं गणित दोन्हीकडे एकच.

माझ्या वहीतली एक गाडी घ्या. गाडीचा हप्ता महिन्याला २,४०० डॉलर, विमा १,५००, भाड्याचा ट्रेलर ९००, पार्किंग ३००. एकूण ५,१००. चाक न फिरवता दिवसाला १७० डॉलर. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दोन रीफर गाड्या, म्हणजे शीतपेटीच्या, किराणा गोदामांच्या मालाविना उभ्या राहिल्या. १ नोव्हेंबरपासून सुमारे ४ कोटी २० लाख लोकांची, दर महिन्याला कार्डावर जमा होणारी सरकारी अन्न-मदत अडकली होती. लोकांच्या कार्डावर पैसे नाहीत म्हटल्यावर दुकानांनी हात आखडता घेतला, गोदामाने ऑर्डरी कमी केल्या, लोड बोर्डावर त्या मार्गाचे लोड विरळ झाले. तुम्ही म्हणाल, हे शटडाउनमुळेच कशावरून? मालवाहतुकीचा बाजार २०२२ पासूनच मंद आहे. बरोबर आहे. माझ्या माणसालाही ते सिद्ध करता येणार नाही. न आलेल्या लोडची बिल्टी नसते. पावती नाही, तारीख नाही, देणेकऱ्याचं नाव नाही. कुठल्या खिडकीत जाऊन काय मागायचं?

शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावरून हवाई माल उचलणाऱ्याचंही तेच. शटडाउनमुळे ७ नोव्हेंबरला ४० विमानतळांवर उड्डाणं ४ टक्क्यांनी कमी केली, ११ तारखेला ६ टक्क्यांनी. आपली मंडळी थँक्सगिव्हिंगच्या तिकिटांच्या काळजीत होती. प्रवासी विमानाच्या पोटात मालही असतो हे कोणाच्या ध्यानात नव्हतं. विमान रद्द झालं की माल नाही. विमान उशिरा आलं की ट्रकवाला गेटवर ताटकळत, आणि दिवसाचे १४ तास तर संपत चाललेले. त्यापुढे कायद्याने गाडी चालवता येत नाही. चार तास थांबल्याचे पैसे मागितले तर ब्रोकर म्हणाला, विमान काय मी रद्द केलं?

आणखी एक, पटकन सांगते. मेक्सिकन जोडप्याचं दुसऱ्या गाडीसाठीचं कर्ज लघुउद्योग खात्याच्या हमीवर व्हायचं होतं. बँकेने होकार दिला होता, पण १ ऑक्टोबरपासून नवी हमी मिळणंच थांबलं. विक्रेता तीन आठवडे थांबला आणि मग त्याने गाडी दुसऱ्याला दिली. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

सरकारी नोकरांबद्दल माझ्या मनात आकस नाही, हे स्पष्ट करते. २०१८-१९ चा ३५ दिवसांचा शटडाउन झाला, तेव्हा विमानतळावरचे लोक फूड बँकेच्या रांगेत उभे राहिलेले आपण पाहिले. त्यातूनच २०१९ चा कायदा आला की शटडाउन संपल्यावर थकलेला पगार मिळालाच पाहिजे. यंदा ऑक्टोबरमध्ये व्हाइट हाउसने त्यावरही शंका काढली, म्हणून १२ नोव्हेंबरच्या कायद्यात तो हक्क पुन्हा लिहावा लागला. लिहून ठेवलेला हक्क असा डळमळतो, तर ज्यांचं काहीच लिहिलेलं नाही त्यांची कथा काय? आणि शटडाउन काही पावसाळ्यासारखा आपोआप येत नाही. पैशाची तरतूद नसताना खर्च करू नये, हा कायदा १८८४ चा. पण म्हणून कचेऱ्यांना कुलूप लावायचं, हा अर्थ १९८० साली अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी लावला. त्याआधी तरतूद रखडायची, पण काम चालू राहायचं. माणसांनी लावलेला अर्थ आहे. माणसांना त्यात फट ठेवता येते.

तेव्हा मागणं काय? तुमच्यातले बरेच जण आता नागरिक आहेत, मतदान करतात. ३० जानेवारीच्या आधी तुमच्या काँग्रेस प्रतिनिधीच्या कचेरीत फोन करा. "शटडाउन नको" एवढंच सांगू नका, ते सगळेच सांगतात. नेमकं सांगा. धान्याच्या चेकवर सही करणारा माणूस पहिल्या दिवसापासून कामावर हवा, बावीस दिवसांनी नको. आणि सरकारी बांधकामात मुख्य कंत्राटदाराने पैसे हातात आल्यापासून ७ दिवसांत पोटकंत्राटदाराला द्यावेत अशी अट आहेच. तीच मालवाहतुकीला लावा, व्याजासकट. फोन उचलणारी पोरं तुमचा पिन कोड विचारून टिपून घेतात. आपल्या पिन कोडांतून मक्याविषयी फोन आला तर ती दोनदा लिहितील.

दुसरं मागणं वॉशिंग्टनकडे नाही, तुमच्याकडे आहे, आणि ते लिहिताना मला अवघड वाटतंय. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी सप्लाय चेनमध्ये, खरेदी खात्यात किंवा त्यांचं सॉफ्टवेअर लिहिण्यात आहे. ऑक्टोबरच्या मध्याला एका मोठ्या कंपनीकडून माझ्या चार ग्राहकांना पत्र आलं: सद्यःस्थितीतील अनिश्चितता पाहता देयकांची मुदत ३० वरून ६० दिवस करण्यात येत आहे. त्या कंपनीचा सरकारशी काही व्यवहार असल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तिला शटडाउनची झळ लागली नव्हती. निमित्त मिळालं होतं. पत्राखाली सही होती. आडनाव आपल्यातलं होतं. नाव मी सांगणार नाही, पण ते वाचून मी वही मिटली आणि चहा ठेवला.

त्या व्यक्तीने काही बेकायदा केलं नाही. वरून आलेला निर्णय पुढे पाठवला असेल. पण स्क्रीनवर ३० चा आकडा ६० करताना समोर "कॅरियर", म्हणजे वाहतूकदार, असा एक कॉलम दिसतो. त्या कॉलममध्ये माझे एकोणीस आहेत. या देशातल्या दहापैकी नऊहून अधिक मालवाहतूक कंपन्यांकडे दहा किंवा त्याहून कमी ट्रक आहेत, कित्येकांकडे एकच. तुमच्या बैठकीत पुढच्या वेळी तो आकडा चर्चेला आला तर लहान गाडीवाल्यांना वगळा, एवढं एक वाक्य बोला. त्याने नोकरी जात नाही. मी विचारून पाहिलंय: माझा भाचा अशाच खात्यात आहे, तो बोलला, आणि त्याच्याकडे पाचपेक्षा कमी गाड्यांचे लोक ३० दिवसांवरच राहिले.

संक्रांतीचा कार्यक्रम जानेवारीत, म्हणजे ३० तारखेच्या आधीच येतोय. मी पाजींना आणि त्या सर्बाला घेऊन येणार आहे. दोघांनी हो म्हटलंय, त्या शनिवारी जवळचं लोड मिळालं तर. रांगेत ते तुमच्या पुढे-मागे उभे असतील. कार्यकारिणीला विनंती, दोन ताटं जास्त धरा. सर्बाला तिखट चालत नाही.

तुमची,
ट्रकवाल्यांची हिशेबनीस